हत्ती कॅम्पातली चार वर्षं

हातावरचा शिक्का धुऊन गेला आहे हे डोमाला कळलं, तेव्हा तो जेलच्या दरवाज्यापासून हातभरच आत होता, आणि दरवाज्यावरची शिपाई पोरगी त्याचं मनगट उलटंपालटं करून पाहत होती, बाजारात वांगं किडकं आहे का ते पाहावं तसं. मनगटावर पाणी होतं, पांढरे केस होते, म्हातारपणाचे डाग होते, कधीकाळी गळ रुतल्याची एक खूण होती. सरकारचं असं काही नव्हतं. "शिक्का कुठी हाय, आबाजी?" पोरीनं विचारलं. तिच्या छातीवरच्या पट्टीवर रिंकू एवढंच वाचता येत होतं, आडनावावर पट्टा आला होता. डोमानं दुसरा हात पुढं केला. तिनं तोही पाहिला आणि परत दिला. "दोन्ही कोरे." मागं रोशनी, त्याची सून, पाण्याचे दोन डबे घेऊन उभी होती, तिचा जांभळा शिक्का बांगड्यांच्या वर, कोरडा, ठसठशीत. "म्या सांगतलं होतं मामाजी," ती म्हणाली, "डब्बा बुडवा, हात नका बुडवू." एरवी घरात प्रत्येक बोलण्यावर एक गोष्ट जोडणारा डोमा आपली मनगटं पुन्हा उलटून पाहत राहिला.

शहराच्या पोटातलं हे जुनं जेल वर्षातून दोन दिवस सगळ्यांसाठी उघडतं. आत एका अवलिया बाबांची विहीर आहे. तिचं पाणी नेलं की तापापासून नापास होण्यापर्यंत सगळ्यावर उतारा पडतो असं म्हणतात, आणि ज्यांना उतारा पडत नाही ते पुढच्या वर्षी मोठा डबा आणतात. भिंत मूळ कोणी बांधली यावर शहरात तीन मतं आहेत, आणि तिन्ही मतांची माणसं तिच्याच सावलीत चहा पितात. हे दोन दिवस पक्के कैदी, म्हणजे शिक्षा झालेले, विहिरीवर पाणी ओढून देतात. बाकीचे बराकीत बंद. येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर शिक्का मारतात आणि जाताना तो पाहून सोडतात. व्यवस्था साधी आहे, आणि लागतेच. कारण कच्च्या कैद्यांना, ज्यांचा खटला अजून चालू आहे त्यांना, कपडे घरचेच असतात. त्यांतला एखादा खांद्यावर डबा घेऊन बाबांचं नाव घेत बाहेर पडला तर त्याला कोणत्या खुणेवरून अडवायचं? "बसा तिकडं सावलीत," रिंकू म्हणाली. "वामनरावभाऊ जेवाले गेले, येतीन आता. त्याईनं पाह्यलं का मंग जा." रोशनीनं विचारलं, कोण वामनराव. "रिटायर हवालदार हायेत जी. दरसाल या दोन दिवसांसाठी साहेब त्याईले बोलावून घेतेत. जिंदगीत एक चेहरा विसरला नाई मानूस. त्याईनं 'आपला नाई' म्हनलं का सोडतो." "आनि 'आपला' म्हनलं तं?" रिंकू हसली. "तं मंग ठेवून घेतो."

डोमा भिंतीपाशी दगडी ओट्यावर बसला. दगड तापलेला होता. त्याला आत अडकून पडायची भीती नव्हती. म्हाताऱ्याला फुकट जेवू घालायला सरकारला हौस नसते हे तो जाणून होता. भीती वामनरावची होती. एक चेहरा न विसरणारा तो माणूस येणार, त्याच्याकडं पाहणार, आणि रोशनीच्या समोर म्हणणार, अरे, हा तर तीन नंबर बराकीतला. "तू जा वं," तो तिला म्हणाला. "डब्बे जड हायेत. ऑटोत बस, मी येतो मागून." "काऊन? तुमाले इथी टाकून जाऊ? घरी काय सांगू, मामाजी जेलात ठेवून आली?" आणि ती पदर खोचून त्याच्या शेजारी ओट्यावर बसली, जणू दुपारभर बसायचीच तिची तयारी होती. जेलात ठेवून आली. ती हसत होती. डोमाही हसला, कारण अशा जागी तो एरवी हसला असता.

घरच्यांच्या लेखी डोमाची चार वर्षं हत्ती कॅम्पात गेली होती. सिरोंच्याकडं, दाट रानात, सरकारी सागाच्या डेपोवर. ही गोष्ट त्यानं रचलेली नव्हती, रंभानं रचली होती, त्याच्या बायकोनं, आणि तीसुद्धा एका दमात. चामोर्शीजवळचं गाव सोडून ते दोघं चालत्याबोलत्या पोराला, प्रफुलला, घेऊन बल्लारपूरला आले, भाड्याची खोली घेतली, आणि पहिल्याच दिवशी शेजारणीनं नळावर विचारलं की इतके दिवस घरधनी कुठं होते, पोरगा बापाला बुजतो कसा. डोमानं तोंड उघडायच्या आत रंभा म्हणाली, "हत्ती कॅम्पात होते जी." हत्ती का, बैल का नाही, ते तिलाच ठाऊक. रात्री त्यानं विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, की बैल म्हटलं तर लोक विचारतात किती जोड्या, हत्ती म्हटलं की माणूस गप ऐकतो. आणि खरंच होतं ते. तिनं फक्त बी टाकलं. खतपाणी डोमानं घातलं, आणि पीक असं आलं की पुढं खुद्द रंभा चुलीपाशी बसून, हात थांबवून, ऐकायला लागली. ती गेली तेव्हा कॅम्पात अकरा हत्ती झाले होते. रोशनी कोरपन्याहून लग्न होऊन आली तेव्हा पहिलं वर्षभर ती बोलतच नव्हती, भाकरी थापताना डोळे पुसायची, आणि पिठात पाणी जास्त पडलं की काय असं घरातल्यांना वाटायचं. मग एका संध्याकाळी डोमानं कुणालाच उद्देशून नाही असं सांगायला सुरुवात केली की कॅम्पात रामक्का नावाची एक म्हातारी हत्तीण होती, तिला फक्त तेलुगू कळायची. साहेब मराठीत हुकूम सोडी, रामक्का जागची हलत नसे. साहेब ओरडे, ती कान हलवी. शेवटी कागदावर लिहिलं गेलं की हत्तीण उद्धट आहे. रोशनीचा हात थांबला होता. "मंग?" ती म्हणाली. या घरात तिनं उच्चारलेला हा पहिला शब्द. तेव्हापासून रोज भाकरीच्या वेळी तीच विचारते, आज कोणता हत्ती, मामाजी.

आता या दगडावर बसून कुणी डोमाला विचारलं असतं की रामक्का कोण, तर त्यानं काय सांगितलं असतं? सिरोंच्याचा एक म्हातारा होता. बराकीत डोमाच्या शेजारच्या सतरंजीच्या पट्टीवर झोपायचा. कोर्टात त्याला काय विचारतात ते त्याला कळत नसे, तो काय सांगतो ते कोर्टाला कळत नसे, आणि दुभाषी आला नाही म्हणून तारीख पडे, तारखेवर तारीख. म्हातारा प्रत्येक तारखेला केस विंचरून जाई. आणि गोष्टीतला तो सुळेवाला हत्ती, जो पायात साखळी असल्याशिवाय झोपत नसे? तो पक्क्यांतला एक जन्मठेपवाला, फार जुना, बेड्यांच्या काळातला, कच्च्यांवर नजर ठेवायला तीन नंबरात झोपवलेला. बेड्या बंद झाल्या, दगड फोडणं बंद झालं, तेलाच्या घाण्याला माणूस जुंपणं बंद झालं, त्याच्या जागी हातमाग आले, सुतारकाम आलं. आणि हा माणूस रात्री हातानं स्वतःचा घोटा धरून झोपे, कारण मोकळा पाय त्याला परका वाटे. डोमानं तो हत्ती सांगितला तेव्हा प्रफुल पोट धरून हसला होता. मधेच एक नवा साहेब आला. त्यानं भिंतीवर भोंगा बसवला, सकाळी भजन, दुपारी बातम्या. म्हणाला, यांना कैदी म्हणायचं नाही, बंदी म्हणायचं, आणि ताटं पत्र्याची नकोत, स्टीलची आणा. गोष्टीत तो साहेब हत्तींना रेडिओ ऐकवतो आणि बाजारभाव ऐकून एक हत्ती उपास धरतो. हसण्याची जागा होती ती. पण त्या साहेबाचं डोमाला खरंच अप्रूप वाटलं होतं. स्टीलच्या ताटात पहिल्या दिवशी त्यानं आपलं तोंड पाहिलं होतं आणि दाढीतला माणूस ओळखायला क्षणभर लागला होता. हे सगळं सांगता आलं असतं. पण सांगितलं की रोजच्या भाकरीपाशी ऐकलेलं सगळंच रोशनीच्या हातून निसटणार. जेल ही एकवेळ लाजेची गोष्ट म्हणून गिळता येते. पण जी पोरगी एका हत्तिणीचा हात धरून या घरात रुळली, तिला हत्तीण नव्हतीच म्हणून कसं सांगायचं?

"मामाजी," रोशनी म्हणाली, "हे घंटा पाहा. तुमच्या कॅम्पात बी पिंपळाले घंटा होती ना? सकाळी वाजवत." डोमानं पाहिलं नाही. घंटा कुठं आहे हे त्याला न पाहता ठाऊक होतं. "असते," तो म्हणाला. "जिथी तिथी घंटा असते. शाळेत नाई का." "आनि हा हौद. हत्तीच्या आंघोळीचा सांगत होते तुमी, असाच, लांबटच." ती पाहत होती आणि तिचे डोळे एकेका गोष्टीवर थांबत होते, आणि डोमा मनातल्या मनात तिच्यापुढं पळत होता, ती कुठं पोहोचेल त्याच्या आधी तिथं जाऊन काहीतरी झाकायला. ती नाक्यावरचं घर मोडून दुकान केलेलं पाहते तशीच पाहत होती. भिंत कुठं होती, दार कुठं होतं. "तिकडं काय हाय?" तिनं बराकींकडं बोट केलं. लांबलचक कौलारू इमारती, उंचावर बारक्या गजांच्या खिडक्या. "राहतेत बंदी," डोमा म्हणाला. तो कैदी म्हणाला नाही हे दोघांच्याही लक्षात आलं, किंवा त्याला तसं वाटलं.

शिक्का गेला तोसुद्धा त्या खिडक्यांपायी. पाणी घ्यायला तो वाकला, आणि बाजूला एक बाई दुसऱ्या बाईला मोठ्यानं सांगत होती की कडूनिंबाखालची खोली पाडली, पत्रे नवे टाकले, आणि धाकट्याला बालवाडीत घातलं. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या बाईला एवढ्या मोठ्यानं कुणी सांगत नाही. आणि ऐकणारी बाई ऐकत नव्हती. ती आपली पाळी येण्याची वाट पाहत होती. मग ती बोलली, तितक्याच मोठ्यानं, की वकील बदलला आहे, नवा तोंडाचा गोड आहे, पण तारखेला येतो. डोमाचा हात पाण्यात होता आणि तो तसाच राहिला. अजून चालतं तर हे. इतक्या वर्षांनी, फोन आले, भेटीच्या खोलीत काच आली, आणि तरी बाया विहिरीवर येऊन एकमेकींना मोठ्यानं सांगतातच. कारण कच्च्यांना या दिवशी बंद ठेवतात, विहिरीपाशी येऊ देत नाहीत, पण कान कोण बंद करणार? कुठल्या बराकीत आपला माणूस आहे हे बाईला ठाऊक नसतं, म्हणून ती सगळ्या बराकींना ऐकू जाईल असं शेजारणीला सांगते आणि शेजारीण दुसऱ्या गावची असते. शिपायांना सगळं कळतं. काही हाकलतात, काहींना त्या वेळी नेमकी तंबाखू मळायची आठवण होते. डोमा आत होता तेव्हा, या घटकेला, बराकीत खोकलासुद्धा ऐकू येत नसे. पन्नास माणसं भिंतीला कान लावून उभी. आवाज भिंतीवर आपटून फाटून येई, अर्धा शब्द गळून जाई, आणि नंतर भांडणं लागत. गाय व्यायली एवढंच ऐकू आलं आणि त्या गाईवर तीन घरधन्यांनी दावा सांगितला. एक तर म्हणाला, माझ्याकडं गाय नाही, पण बायको घेऊ शकते. रंभा एकदाच आली होती. चामोर्शीहून दोन मोटारी बदलून, कडेवर पोर घेऊन. एरवी भेटीला येणं होत नसे. त्या एका दिवशी डोमानं तिचा आवाज ऐकला तो भिंतीतून नाही, पायाच्या तळव्यातून वर आल्यासारखा. हे मात्र त्यानं कधी कोणत्याच हत्तीला दिलं नाही. कितीदा जिभेवर आलं, कितीदा वाटलं की हत्तिणीच्या पिलाच्या नावानं खपून जाईल, पण प्रत्येक वेळी तो मधेच खोकला आणि भाकर वाढ म्हणाला.

आणि त्यानं केलं काय होतं? वैनगंगेत त्याचा डोंगा होता. मासे धरायचा, कुणी हाक मारली की पलीकडं सोडायचा. पलीकडं सोड म्हणणाऱ्याला नाव विचारायचं नाही ही त्याच्या बापाची रीत, आणि आजाचीही. एका पहाटे दोन माणसांनी हाक मारली, त्यानं सोडलं. ती फरार माणसं होती हे त्याला त्यानंतर पोलिसांनी सांगितलं, आणि पुढची चार वर्षं सांगतच राहिले. शेवटी साक्षीला कुणी आलंच नाही. न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं, तेवढ्या वेळात त्यांचा चहाही निवला नव्हता. सुटला तेव्हा दरवाज्यावर कुणी हात पाहिला नव्हता, तोंडही पाहिलं नव्हतं. मोठ्या दरवाज्यातल्या बुटक्या दिंडीतून वाकून बाहेर आला, उभा राहिला, आणि रस्त्यानं चाललेल्या एका म्हशीनं त्याला बाजूला व्हायला लावलं.

"जय भीम भाऊ, आले का?" रिंकूचा आवाज आला. डोमानं मान वर केली आणि ओळखलं. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, बाकी वामनराव तेच. चालताना डावा खांदा पुढं, जणू गर्दी नसली तरी गर्दीतून वाट काढतात. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोटांना जेवणानंतरच्या बडीशेपेचा वास. गोष्टीत हे माहूत होते. कमी बोलणारे, अंकुश न वापरणारे, पण रात्री एकेका हत्तीच्या तोंडावर कंदील धरून पाहणारे. डोमानं त्यांना माहूत केलं तेव्हा आदरानंच केलं होतं. "हे काय?" वामनराव म्हणाले. "शिक्का धुतला जी आबाजीनं." "सगळे तेच करतेत. हात धुतल्याबिगर बाबांच्या पान्याले शिवत नाईत, आनि शिक्का हातावरच मारतेत. कित्येक साहेबांले सांगतलं, दंडावर मारा." ते डोमासमोर उभे राहिले. "तोंड उजेडाकडं करा." डोमानं केलं. केलं तसं त्याच्या लक्षात आलं की हात आपोआप मांड्यांना चिकटले आहेत आणि पाठ ताठ झाली आहे. रोशनीही उभी राहिली होती. वामनराव पाहत होते. कपाळ, डोळे, नाकाचं हाड, कान; कानांकडं ते जास्त वेळ पाहतात, कारण तोंड बदलतं, कान बदलत नाहीत, हेही डोमाला ठाऊक होतं. उन्हानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आता म्हणणार. आता.

"नाई," वामनराव म्हणाले. "आपला नाई. सोड."

रिंकूनं बाजूला होऊन वाट दिली. रोशनीनं डबे उचलले. डोमाला सुटलो असं म्हणायचं होतं, मनातल्या मनात का होईना. त्यासाठी त्यानं श्वासही घेतला. पण पंगतीत वाढणारा आपल्या पानापाशी येऊन तसाच पुढं निघून जावा तसं त्याला झालं. वाढणाऱ्यानं मुद्दाम केलं असतं तर राग तरी आला असता. या माणसानं चार वर्षं, उन्हापावसात, रोज सकाळसंध्याकाळ, त्याच्या तोंडावर नजर टाकली होती. आजारपणात एकदा त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला होता. आणि ज्या माणसाच्या स्मरणाची कीर्ती साहेब लोकही सांगतात, त्याच्या स्मरणात डोमा कुठं नव्हता. मग तो होता कुठं? रंभा गेली. गाव सुटलं. घरात हत्ती आहेत. "मामाजी, चला ना," रोशनी म्हणाली. आणि डोमाच्या तोंडून, त्यानं न ठरवता, आलं, "नीट पाहा, साहेब."

"आं?"

"नीट पाहा. मी होतो इथी. चार वर्षं. तीन नंबरात."

रिंकू आधी त्याच्याकडं आणि मग रोशनीकडं पाहून हसायला लागली. "भाऊ, लोक बाहेर जासाठी रडतेत, हे आबाजी अंदर यासाठी रडून राह्यले." वामनराव हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. कुणीतरी त्यांच्या खिशातलं पेन काढून घेतल्यासारखा. त्यांनी परत पाहिलं, या वेळी खरोखर जवळून, आणि डोमाला त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्याचं दिसलं. "कच्चा होता का पक्का?" त्यांनी विचारलं. "कच्चा." "हां!" वामनरावांनी सुटकेचा श्वास सोडला. "असं सांगा ना मंग. पक्का असता तं झोपेत ओळखला असता. पक्क्याले काम असते, कपडा असते, नंबर असते. कच्च्याचं कोन ध्यानात ठेवते भाऊ? आज आला, उद्या चालला." "चार वर्षं होतो, साहेब." "चार असो का दहा. शिक्षा लागत नाई तोवर मानूस आमच्याकडं आलाच नाई, असं धरतो आमी." हे ते दुष्टपणानं म्हणाले नाहीत. नदीला पाणी असतं हे सांगावं तसं सांगितलं. मग, बहुधा डोमाचं तोंड पाहून, त्यांना वाईट वाटलं असावं. "बरं, सांगा. बराकीत संगं कोन कोन होतं? नाव सांगा एखादं, ध्यानात येईन मले."

डोमानं तोंड उघडलं. शेजारच्या पट्टीवरचा म्हातारा त्याच्या डोळ्यांसमोर होता, केस विंचरत होता, दात नसलेलं हसत होता, आणि त्याचं नाव होतं, नाव होतं... रामक्का. डोमानं ते गिळलं. दुसरा आठवून पाहिला, तो घोटा धरून झोपणारा, आणि तिथं सुळे होते. खिडकीपाशी झोपणारा, रात्रभर पाढे म्हणणारा पोरगा. त्याच्या जागी कान फाटलेली एक तरणी हत्तीण उभी होती आणि सोंडेनं मोजत होती. एकेकाला तो हात धरून उजेडात ओढायला गेला आणि एकेकाचा हात त्याच्या हातात येताच जाड, सुरकुतलेला, राखाडी झाला. माणसं सगळी त्या कातड्याखाली कुठंतरी होती. त्यानं स्वतःच शिवली होती ती कातडी, संध्याकाळी बसून, टाक्याला टाका लावून, आणि इतकी चांगली की आता उसवत नव्हती. तीस वर्षांत त्यानं सगळ्या जगापासून ती बराक लपवली होती. त्यात आपणही जगातच मोडतो हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. "एक सिरोंच्याचा म्हातारा होता," तो कसाबसा म्हणाला. "तेलुगू बोले. त्याले मराठी समजत नसे. साहेब ओरडत..." रोशनीच्या हातातला डबा दगडावर टेकल्याचा आवाज झाला. "नाव?" वामनरावांनी विचारलं. "नाव नाई येऊन राह्यलं."

वामनराव रोशनीकडं वळले. "घरी न्या बाई. ऊन लागलं त्याईले." आणि रोशनी म्हणाली, अगदी सरळ आवाजात, "हो जी. सवयच हाय त्याईले. गोष्टी सांगतेत दिवसभर. हत्ती कॅम्पात होते ते." तिनं त्याचं कोपर धरलं, दुसऱ्या हातात दोन्ही डबे घेतले, आणि दिंडीतून त्याला वाकवून बाहेर काढलं. मागं रिंकू पुढच्या माणसाचं मनगट पाहत होती.

बाहेर भिंतीला लागून चहावाले, चपलावाले, रेवड्यावाले. रोशनी थांबली नाही. भिंत जिथं वळते आणि गर्दी विरळ होते तिथवर ती त्याला घेऊन गेली, डबे खाली ठेवले, आणि पदरानं तोंड पुसलं. डोमा भिंतीकडं पाहत होता. या बाजूनं ती भिंत इतर कुठल्याही भिंतीसारखी होती; तिच्यावर कुणीतरी गोवऱ्या थापल्या होत्या. "तू त्याईले तसं काऊन म्हनलं?" त्यानं विचारलं. "तुमाले बाहेर काढाले. तुमी तं आत घुसून राह्यले होते." ती हसली नाही. मग म्हणाली, "म्हंजे रामक्का बाई नव्हती." डोमानं मान हलवली. "आत्याबाईंले माहीत होतं?" सासूला ती आत्याबाई म्हणे. "तिनंच सुरू केलं." "आनि ह्याईले?" प्रफुलचं नाव ती घेत नसे. "त्याले नाई. तो लहान होता."

एक सायकलवाला दोन कॅन लटकावून गेला, पाणी सांडत. डोमाला वाटलं आता ती विचारेल, काय केलं होतं तुम्ही. आणि त्यानं उत्तर जुळवायला घेतलं, डोंगा, पहाट, दोन माणसं, आणि जुळवता जुळवता त्याला ऐकू आलं की दोन माणसांची तीन होऊ पाहताहेत, नदीला पूर येऊ पाहतो आहे. त्यानं तिथंच थांबवलं. "मले एक सांगा," रोशनी म्हणाली. तिचा आवाज भाकरीपाशी असतो तसा नव्हता. "एकच. हत्ती नसलेली. तिथली, आनि खरी." डोमा शोधायला लागला. ओट्यावर बसून जे सगळं आठवल्यासारखं वाटलं होतं, त्यातलं आता काय धरायचं? घोटा, ताट, केस विंचरणं, सगळ्यांवरून सोंड फिरलेली होती. एकच गोष्ट कोरी राहिली होती, कारण ती त्यानं कधी सांगितली नव्हती.

"तुही सासू आली होती," तो म्हणाला. "विहिरीवर. मी अंदर होतो. तिनं एका अनोळखी बाईले सांगतलं, मले ऐकू यावं म्हनून."

"काय सांगतलं?"

डोमानं सांगितलं. पण इतक्या हळू, की ते त्याच्या स्वतःच्या कानापर्यंतही धड पोहोचलं नाही.

"त्या असं म्हनल्या असत्या तं तुमाले ऐकू आलं असतं का?" रोशनी म्हणाली. "त्याईनं म्हनलं तसं म्हना."

डोमानं घसा साफ केला. भिंतीकडं तोंड केलं, कारण रस्त्याकडं करवेना. आणि मग, रेवड्यावाला वळून पाहील इतक्या मोठ्यानं, समोर कुणी नसताना, तो ओरडला, "बाई वं, पोरगं चालाले लागलं! पडते, पन रडत नाई! उठते आनि दाराकडं जाते!"

भिंतीच्या आत, बराकीच्या बाजूला, कुणीतरी खोकत होतं. ते थांबलं.

"अजून एकदा," रोशनी म्हणाली.

डोमा ओरडला.